मासिकांचे वर्गणीदार आणि राष्ट्राचे वाङ्मय

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ च्या जानेवारीत पुण्याहून ‘निबंधमाले’चा पहिला अंक काढला तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस होते, पोटापाण्यासाठी ते शिक्षकी करत होते, आणि मालेतले जवळजवळ सगळे लेखन एकट्याने करायचे असा त्यांचा बेत होता. पहिला निबंध होता ‘मराठी भाषेची सांप्रतची स्थिती’. इंग्रजी शिकलेल्या मंडळींना स्वतःच्या भाषेची लाज वाटते, त्यांना मराठीत चार ओळी धड लिहिता येत नाहीत आणि याचे त्यांना काही वाटतही नाही, ही त्यांची मुख्य तक्रार होती. पुढे सात वर्षांत चौऱ्याऐंशी अंक निघाले आणि मराठी गद्याला जी ऐट आली ती बरीचशी त्या अंकांतून आली, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. या सगळ्यात मला जास्त कुतूहल वाटते ते एका साध्या गोष्टीचे. हे सगळे मासिकातून का झाले? देशाला शोभेल असे वाङ्मय हवे, ही तळमळ असलेल्या माणसाने एखादा मोठा ग्रंथ लिहायला घेण्याऐवजी दर महिन्याला थोडी थोडी पाने वर्गणीदारांच्या घरी पाठवण्याचा उद्योग का पत्करला असावा?

त्याचे एक उत्तर पैशाच्या हिशेबात आहे. त्या काळी मराठीत ग्रंथ छापायचा म्हणजे बहुधा सरकारच्या दाराशी जावे लागे. पेशवाईतल्या दक्षिणेच्या रकमेतून पुढे ग्रंथांना बक्षिसे देण्याची व्यवस्था झाली होती आणि दक्षिणा प्राइज कमिटी पसंत करील तेच पुस्तक छापायला परवडे. साहजिकच इंग्रजीवरून आणि संस्कृतवरून केलेल्या भाषांतरांची रांग लागली, कारण कमिटीला मान्य होईल अशा पुस्तकाची वाट तीच होती. मासिकाचे तसे नव्हते. शेदोनशे माणसांनी वर्षाची वर्गणी आगाऊ भरली की छापखान्याचे बिल भागे, आणि लेखक त्या शेदोनशे माणसांना तेवढा बांधील राही. १८५४ पासून टपालाचा दर अंतरावर अवलंबून राहिला नाही, १८५८ मध्ये आगगाडी पुण्यापर्यंत आली, आणि सरकारी शाळांमुळे तालुक्याच्या गावीसुद्धा एखादा मास्तर, एखादा वकील, कचेरीतला एखादा अव्वल कारकून असा वाचक मिळू लागला. मासिक पुस्तक, हे तेव्हाचे नाव, या माणसांच्या जिवावर उभे राहिले. मराठीत वाचकाच्या पैशावर जगणारे पहिले लेखन नियतकालिकांतलेच, आणि चिपळूणकरांच्या आवाजात जो कुणाची भीडमुर्वत न ठेवणारा ठसका आहे त्याचे एक कारण या हिशेबातही शोधावे, असे मला वाटते. सरकारी पैशावर चालणारे नियतकालिक कसे असते हे त्यांनी घरातच पाहिले होते: शिक्षणखात्याचे ‘शालापत्रक’ आधी त्यांचे वडील कृष्णशास्त्री चालवत, मग ते स्वतः चालवू लागले, आणि १८७५ मध्ये सरकारने ते बंद केले.

दुसरे उत्तर जरा अडचणीचे आहे. स्वभाषेचा अभिमान पेटवण्यासाठी चिपळूणकरांनी जो साचा घेतला तो थेट लंडनहून आलेला होता. नियतकालिक निबंध हा अॅडिसनचा आणि डॉ. जॉन्सनचा उद्योग, आणि लांबलचक परीक्षणात्मक निबंध हा मेकॉलेचा. जॉन्सनवर त्यांची भक्ती होती. वडिलांनी अर्धवट ठेवलेले ‘रासेलस’चे भाषांतर त्यांनीच पुरे केले. मेकॉलेचा त्यांच्या वाक्यरचनेवर एवढा पगडा आहे की काही परिच्छेद वाचताना त्यामागची इंग्रजी घडण डोळ्यांना दिसते: एकासारखी एक अशी चार वाक्ये, मग एक लांब वाक्य, आणि शेवटी प्रतिपक्षाच्या टाळक्यात टोला. हा तोच मेकॉले, ज्याने १८३५ च्या टिपणात हिंदुस्थानातल्या साऱ्या विद्येला कवडीमोल ठरवले होते. त्याचेच हत्यार उचलून त्याच्या शिष्यांना ठोकायचे, हा चिपळूणकरांचा डाव होता आणि तो बऱ्याच अंशी साधलाही. पण त्याची किंमत पडली. निबंधमालेत वादाचे आणि उपहासाचे गद्य जितके सरस उतरले आहे, तितके शांतपणे एखादी गोष्ट उकलून सांगणारे उतरलेले नाही. लोकहितवादींवरचे लेख वाचताना हे फार जाणवते. १८४८ ते १८५० या काळात ‘प्रभाकर’ साप्ताहिकातून शतपत्रे लिहिणारा हा सरदार घराण्यातला माणूस साध्या, काहीशा ओबडधोबड मराठीत आपल्याच समाजाला खडे बोल सुनावत होता. चिपळूणकर त्याच्या विचारांइतकेच त्याच्या भाषेवर तुटून पडतात, अंकामागून अंक.

‘अंकामागून अंक’ हे इथे शब्दशः घ्यावे. आज आपण निबंधमाला जाडजूड संग्रहातून वाचतो, त्यामुळे तिचा मूळ आकार लक्षात येत नाही. मोठा निबंध एका अंकात मावत नसे. तो तुटे, महिनाभराने पुन्हा सुरू होई, आणि मधल्या काळात कुणी उत्तर दिले असेल तर त्याचा समाचार त्यातच घेतला जाई. संग्रहात जी पुनरुक्ती वाटते ती मासिकाच्या वाचकासाठी केलेली उजळणी असते. काही ठिकाणी सूर अचानक चढतो तोही याच कारणाने, हे एकदा ध्यानात आले की वाचन सुलभ होते. ग्रंथलेखकाला हे दर महिन्याचे झुंजणे मिळाले नसते, आणि चिपळूणकरांचा स्वभाव पाहता त्यांना ते हवेच होते. शेवटचा मोठा निबंध ‘आमच्या देशाची स्थिती’. सरकारने पुढे १९१० मध्ये तो जप्त केला आणि १९३७ पर्यंत त्यावर बंदी होती. लेखक १८८२ मध्ये, बत्तिशीही न गाठता, वारला होता. त्याच्या मासिकातल्या निबंधाची धास्ती सरकारला त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी वाटावी, यातच मालेच्या पोहोचीचा अंदाज येतो.

राष्ट्राचे वाङ्मय शोधण्याची दुसरी वाट भूतकाळाकडे जात होती. १८६७ मध्ये मुंबईत ‘विविधज्ञानविस्तार’ सुरू झाले. त्याचे संपादक रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांनी आपल्याच मासिकातून ‘मोचनगड’ ही कादंबरी क्रमाक्रमाने छापली; १८७१ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून ती ओळखली जाते. गड काल्पनिक आणि काळ शिवाजी महाराजांचा, अशी तिची मांडणी आहे. तोपर्यंत मराठी कादंबरीत ‘मुक्तामाले’च्या वळणाचे अद्भुत प्रसंग, राजकन्या आणि योगायोग यांची रेलचेल होती; त्या पार्श्वभूमीवर आपल्याच डोंगरातला एक गड आणि त्याच्या आसपासची माणसे दाखवणे हा मोठा पालट होता. १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ निघाले. जनार्दन बाळाजी मोडक जुनी कविता पाहत, काशीनाथ नारायण साने बखरी आणि पत्रे-यादी पाहत, आणि उभारणीत चिपळूणकरही होते. ज्या बखरी तोवर कुणाच्या तरी माडीवर रुमालात बांधून पडल्या होत्या, त्या या मासिकाने दरमहा टपालाने घरोघर पोहोचवल्या. आधुनिक मराठी इतिहाससंशोधनाची सुरुवात इथून धरावी, असे मला वाटते. बखरीचे गद्य ही आपली खरी मिळकत, इंग्रजी व्याकरणाच्या साच्यात घातलेले शाळेतले गद्य नव्हे, ही जाणीवही बऱ्याच लेखकांना याच पानांमुळे झाली असावी.

बंगालमध्ये बंकिमचंद्रांनी १८७२ साली ‘बंगदर्शन’ काढले आणि स्वतःच्या कादंबऱ्या त्यातून छापल्या. दोन्हीकडचा वर्ग एकच: इंग्रजी शिकलेला, नोकरपेशा आणि मातृभाषेकडे परतू पाहणारा. एवढे सांगून पुढे जातो, कारण मराठीतली गोष्ट पुढे वेगळ्या वळणाने गेली.

ते वळण जोतीराव फुल्यांचे आहे. १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी मराठी ग्रंथकारांनी एकत्र यावे असे आवाहन ‘ज्ञानप्रकाश’मधून केले आणि त्या मे महिन्यात पुण्याच्या हिराबागेत ग्रंथकारांची सभा भरली. आजच्या साहित्य संमेलनांची वंशावळ तिथपर्यंत नेतात. दुसरी सभा २४ मे १८८५ रोजी पुण्यात भरली, तिचे निमंत्रण फुल्यांना गेले, आणि त्यांनी जे उत्तर पाठवले ते ११ जूनच्या ‘ज्ञानोदया’त छापून आले. ‘घालमोड्या दादा’ असे संबोधून त्यांनी कळवले की ज्या गृहस्थांना सर्व मनुष्यांचे मानवी हक्क खुशीने आणि उघडपणे देववत नाहीत, त्यांच्या सभांचा आणि पुस्तकांचा आमच्या सभांशी आणि पुस्तकांशी मेळ मिळत नाही. उंटावरून शेळ्या वळणाऱ्या ग्रंथकारांत आपण मिसळणार नाही, हा त्या पत्राचा रोख होता. हे पत्र आज बहुधा बाणेदार नकार म्हणून उद्धृत होते, आणि ते तसे आहेच. मला मात्र ते वाङ्मयीन टीकेचा मजकूर म्हणून अधिक महत्त्वाचे वाटते. राष्ट्राचे वाङ्मय हवे, असे दशकभर घोकणाऱ्या मंडळींना फुल्यांनी विचारले होते की तुमच्या राष्ट्रात कोण कोण बसते ते आधी सांगा. निबंधमालेकडे या प्रश्नाचे उत्तर नव्हते. तिने फुल्यांच्या पुस्तकांचा समाचार घेतला तो त्यांच्या व्याकरणाची आणि भाषेची टर उडवून. भाषेचा अभिमान शिकवणाऱ्या मासिकाने कुणब्या-माळ्यांच्या तोंडची मराठी छापात आलेली पाहून नाक मुरडावे, ही चिपळूणकरांच्या कर्तबगारीतली सर्वांत खुजी जागा आहे, असे माझे मत आहे. ते तरुण होते, काळ वेगळा होता, ही सबब मला पटत नाही. फुलेही त्याच काळातले होते.

आणि मासिकाचा हिशेब इथेही आडवा येतो. वर्गणी भरणारा वर्ग म्हणजे लिहिता-वाचता येणारा वर्ग. १९०१ च्या खानेसुमारीपर्यंतही सबंध हिंदुस्थानात असे लोक शेकडा पाच-साडेपाचच्या वर गेले नव्हते, आणि त्यातले बहुतेक कोणत्या जातींचे होते ते सांगायला नको. फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. त्यातली पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधु’त छापली गेली आणि पुढची थांबली. ‘दीनबंधु’ हे सत्यशोधकांचेच साप्ताहिक, कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात काढलेले आणि नंतर मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे चालवत असलेले. म्हणजे पत्र परक्यांचे नव्हते. सरकारवर आणि भटशाहीवर एकाच वेळी आसूड ओढणारा तो मजकूर छापणे त्यांनाही झेपले नाही. फुल्यांनी त्याबद्दलचा राग लपवला नाही. पण याहून बोलकी गोष्ट त्यांनी पुस्तकातच नोंदवली आहे: आपण हा ग्रंथ जुन्नर, ओतूर, हडपसर अशा गावी आणि मुंबई-पुण्याला लोकांना वाचून दाखवला, आणि बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनीही तो ऐकला. ज्याच्याविषयी पुस्तक लिहिले त्याला ते वाचता येत नाही, म्हणून त्याच्या चावडीवर जाऊन ते वाचायचे. या ग्रंथाची वाक्ये एवढी लांब आणि कणसासारखी दाणेदार का आहेत, गाईगुरे, गंजीतले गवत, फाटकी घोंगडी, मोडकी आऊते यांच्या याद्या त्यात का येत राहतात, हे मोठ्याने वाचले की उमगते. ऐकणाऱ्या माणसाला आपले घर जसेच्या तसे समोर उभे राहिलेले दिसत असणार.

१८८५ मध्ये फुल्यांनी स्वतःच ‘सत्सार’ काढले. त्याचे दोनच अंक निघाले. दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाई शिंद्यांची बाजू घेतली. ताराबाईंचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ मध्ये छापून आले ते चोपडे म्हणून, आणि ते लिहिण्याचे निमित्त वर्तमानपत्रांचेच होते: सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरचा, नवजात मुलाला मारल्याचा खटला गाजत असताना ‘पुणेवैभव’सारख्या पत्रांनी सगळ्या बायकांना धारेवर धरले होते. पत्रांनी पुरुषांचा मजकूर दर आठवड्याला छापावा आणि बाईने उत्तर देण्यासाठी पदरमोड करून वेगळे पुस्तक काढावे, अशी ती परिस्थिती होती.

गंमत अशी की त्याच ‘पुणेवैभवा’तून १८८५ मध्ये हरि नारायण आपट्यांची ‘मधली स्थिती’ क्रमशः येऊ लागली, आणि १८९० मध्ये त्यांनी स्वतःचे ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले. नाव पाहा. भाषेचा उद्धार, देशाचा अभिमान, यातले काही त्यात नाही. आणि याच साप्ताहिकातून ‘पण लक्ष्यांत कोण घेतो!’ ही यमूची कहाणी आठवड्या-आठवड्याने आली. ब्राह्मण घरातली एक मुलगी आपले बालपण, लग्न, सासर आणि वैधव्य स्वतःच्या तोंडाने सांगते. तिचे आजोळ, आईची मुकी सहनशीलता, सासूसासऱ्यांचे टोमणे, शंकरमामंजींचा दांभिकपणा, हे सगळे ती बारीक बारीक तपशिलांत सांगत जाते. कधी रेंगाळते, कधी “हे मागे सांगायचे राहिले” अशा धर्तीवर मागे वळते. टीकाकारांनी पुढे या पाल्हाळाला नावे ठेवली. मला ते साप्ताहिकाचे देणे वाटते. दर आठवड्याला तेवढी जागा भरायची असल्यामुळे आपट्यांना यमूच्या घरात निवांत वावरता आले, आणि वाचणाऱ्या घरांना वर्षानुवर्षे यमूबरोबर राहावे लागले. एका बैठकीत वाचून हातावेगळी केलेली कादंबरी घरावर तसा परिणाम करत नाही. याच आपट्यांनी याच ‘करमणुकी’तून ‘उषःकाल’ लिहिले, ‘गड आला पण सिंह गेला’ लिहिले, आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. राष्ट्राच्या वाङ्मयाचा मान या ऐतिहासिक कादंबऱ्यांना मिळाला. प्रामाणिकपणे सांगायचे तर शोधाची जी दिशा चिपळूणकरांनी आणि गुंजीकरांनी दाखवली होती तिच्या टोकाला तानाजी उभा आहे, पण आज वाचवते ती यमू. अर्थात यमूच्या वाड्याबाहेरची माणसे तिच्या कहाणीत पुसट आहेत, ही फुल्यांची तक्रार तिलाही लागू पडते.

क्रमशः लेखनाचा तोटाही आपट्यांनीच सोसला. ‘करमणूक’ १९१७ मध्ये थांबले आणि ‘कर्मयोग’ ही त्यांची कादंबरी अपुरी राहिली. अशा अपुऱ्या राहिलेल्या कादंबऱ्या आणखीही आहेत. कवितेची तऱ्हा निराळी. जळगावहून नारायण नरसिंह फडणीस १८८७ पासून ‘काव्यरत्नावली’ हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक चालवत होते, आणि केशवसुतांसारख्या कवीची हयात अशाच मासिकांच्या पानांत गेली; त्यांचा संग्रह निघाला तो मृत्यूनंतर. काशीनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजना’ने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला, इंग्रजी नाताळ अंकाच्या धर्तीवर, आणि मासिकाचा व्यापार कायमचा सणाशी जोडून दिला. या मित्रांचे मूळ आडनाव आजगावकर. बंगाली स्नेह्यापायी त्यांनी ‘मित्र’ हे नाव घेतले होते. मासिके पुढे शेकड्यांनी निघाली आणि बुडाली, ती सगळी इथे मोजण्यात हशील नाही.

एका त्रैमासिकाचा उल्लेख मात्र टाळता येत नाही. फुल्यांच्या पत्रानंतर ऐंशी वर्षे उलटून गेल्यावर, १९६७ मध्ये, औरंगाबादेत डॉ. गंगाधर पानतावण्यांनी ‘अस्मितादर्श’ सुरू केले. बाबासाहेब आंबेडकरांनी उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात शिकून बाहेर पडलेली पहिली पिढी तोवर लिहू लागली होती, आणि प्रतिष्ठित मासिकांच्या संपादकांना त्यांची भाषा अशुद्ध आणि अनुभव भडक वाटत होते; निबंधमालेतली टर नव्या सभ्य शब्दांत परत आली होती. ‘अस्मितादर्श’ने ही भाषा आहे तशी छापली आणि त्या लेखकांचे मेळावे भरवले. पानतावणे ते त्रैमासिक जवळजवळ पन्नास वर्षे चालवत राहिले, आणि मराठवाड्यातल्या किती तरी खेड्यांतल्या मुलामुलींचे पहिले छापील पान त्यात आले. जमाखर्च तिथेही वर्गणीवरच होता. फरक एवढा की वर्गणी भरणाऱ्यांत आता चावडीवर बसून ‘असूड’ ऐकणाऱ्यांची नातवंडे-पतवंडेही होती.